आपला नंबर येईपर्यंत

डन्जन मास्टर म्हणतो, "इनिशिएटिव्ह रोल करा," आणि टेबलावरचा काळ एकदम बदलतो. तोवर सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतात. कुणी सराईच्या मालकाशी घासाघीस करतंय, कुणी दाराला कान लावून उभं आहे, कुणाला मधेच नकाशा आठवतो. क्रम नसतो, आणि तो नाही म्हणून काही अडतही नाही. मग गुहेतून गोब्लिन बाहेर पडतात. प्रत्येक जण वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राच्या चपळाईचे गुण मिळवतो, आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावले जातात, आणि यादीत आपलं नाव येईल तेव्हाच आता प्रत्येकानं बोलायचं असतं. हा क्रम म्हणजे इनिशिएटिव्ह. लढाईची एक फेरी कथेत सहा सेकंदांची. ती खेळायला सहज वीस मिनिटं लागतात.

मी पुण्यात घरच्या टेबलावर हे खेळ चालवते. बहुतेक वेळा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', भाषा मराठी आणि इंग्रजी जशी तोंडात येईल तशी. ज्यांना हे खेळ माहीत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते: एक जण ते जग आणि त्यातले शत्रू-मित्र सांभाळतो, तो डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. यश-अपयशाचा प्रश्न आला की फासा टाकायचा. पट असला तर असला, नसला तरी चालतं, कारण खेळ सगळा बोलण्यात आहे. म्हणून लढाईत आधी कोण, हा माझ्या लेखी नियमपुस्तकातला किरकोळ परिच्छेद नाही. बोलण्याच्या खेळात क्रम लावायचा म्हणजे कोण बोलणार आणि कोण किती वेळ गप्प बसणार हे ठरवायचं. डीएम मंडळी राक्षसांचे आकडे तासन् तास तपासतात, नकाशे रंगवतात, आणि क्रमाचा नियम मात्र पुस्तकात आहे तसा उचलतात. मला ते खटकतं.

हिशेब साधा आहे. पाच खेळाडू, प्रत्येकाला तीन मिनिटं, डीएमच्या राक्षसांना पाच. आपला टर्न संपला की परत नंबर येईपर्यंत सतरा मिनिटं. त्यात फोन हातात येणारच. फोन हातात घेणाऱ्याला खेळात रस नाही असं मी म्हणणार नाही. आत्ता तुझं इथे काही काम नाही, असं त्या क्रमानंच त्याला सांगितलेलं असतं.

हा पेच या खेळांपेक्षाही जुना आहे. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 'क्रीगस्पील' हा युद्धाचा खेळ मांडला. त्यात एक फेरी दोन मिनिटांची होती. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे द्यायच्या आणि पंच दोन्हीकडचं एकत्र घडवून आणायचा. आधी कोण, हा प्रश्नच तिथे उठत नव्हता, कारण रणांगणावर कुणी दुसऱ्याची वाट बघत उभं राहत नाही. मला ही मांडणी आजही फार प्रामाणिक वाटते. तिची किंमत एवढीच की सगळा भार पंचाच्या डोक्यावर येतो.

पुढे अमेरिकेत, 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचं 'चेनमेल' आलं, सोंगट्यांच्या मध्ययुगीन लढायांचं. त्यात दोन्ही वाटा ठेवल्या होत्या. एकतर दोन्ही बाजूंनी फासा टाकायचा आणि जिंकणाऱ्यानं आधी सरकायचं की नंतर ते ठरवायचं, नाहीतर हुकूम लिहून एकदम उघड करायचे. माणसाला माणूस भिडला की त्यात आणखी एक सुरेख नियम होता: पहिला वार चाल करून येणाऱ्याचा, पण समोरच्याचं हत्यार पुरेसं लांब असेल किंवा तो उंचावर उभा असेल तर पहिला वार त्याचा. फासा नाही, बेरीज नाही. भाला लांब आहे म्हणून भालेवाला आधी. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, क्रम असा कथेतूनच निघावा.

1974 साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' तीन पातळ पुस्तिकांत आलं. लढाईत आधी कोण याचा धड नियम त्यात सापडत नाही. चेनमेल तुमच्याजवळ असेलच असं धरून चालले होते. मग जो तो आपापल्या टेबलावर आपलं काहीतरी ठरवू लागला. 1977 साली जॉन एरिक होम्स यांनी नवख्यांसाठी जे पुस्तक तयार केलं, त्यात ज्याची चपळाई जास्त त्याचा वार आधी, असं होतं. 1981 च्या 'बेसिक' संचात दोन्ही बाजूंनी दर फेरीला एकेक सहा बाजूंचा फासा टाकायचा, आणि जिंकलेली बाजू सगळी मिळून आधी. या बाजूवार पद्धतीबद्दल पुढे बोलते, कारण मी आता तिच्याच जवळ येऊन थांबले आहे.

पण त्याआधी 1979 सालच्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीच्या डीएम-ग्रंथाबद्दल सांगायला हवं. त्यातला इनिशिएटिव्हचा भाग इतका गुंतागुंतीचा होता की पुढे तो उलगडून सांगायला खेळाडूंनी पानंच्या पानं लिहिली. फेरी एका मिनिटाची, तिचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे, त्याला सेगमेंट म्हणायचे. प्रत्येक मंत्राला किती सेगमेंट लागतात ते छापलेलं: फायरबॉलला तीन. मंत्र पुरा होण्याआधी जादूगाराला वार लागला की मंत्र वाया. आणि मुख्य म्हणजे आपण काय करणार ते फासा टाकण्याआधी सांगायचं. "मी फायरबॉल टाकणार," असं जादूगार जाहीर करतो, मग फासे पडतात, मग कळतं की त्याला वेळ मिळाला की नाही.

या जाहीर करण्यात काय होतं ते नीट बघा. पाचही जणांना एकाच वेळी विचार करावा लागतो. जादूगार मंत्र म्हणणार असेल तर त्याच्यापुढे ढाल धरून कुणीतरी उभं राहायला हवं. ते आत्ताच ठरवायला हवं, तो जमिनीवर पडल्यावर नाही. फेरीच्या सुरुवातीला टेबलावर खराखुरा सल्लामसलतीचा गलका होतो. मग फासे पडतात आणि ठरवलेल्यातलं निम्मं विस्कटतं. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीनं यातली बरीच गुंतागुंत काढली, जाहीर करणं ठेवलं, दहा बाजूंचा फासा आणला आणि कमी आकडा आधी असं केलं. पर्यायी नियम म्हणून त्यात हत्याराचा वेगही मिळवता यायचा: खंजिराला 2, दोन हातांच्या तलवारीला 10. बेरजा वाढल्या, पण हत्याराची निवड म्हणजे वेळेचीही निवड झाली.

मग 2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि आजचं चक्र सुरू झालं. लढाईच्या सुरुवातीला एकदाच फासा टाकायचा, यादी लावायची, आणि लढाई संपेपर्यंत तेच गोल फिरत राहायचं. फेरी सहा सेकंदांची. आधी जाहीर करायचं काही नाही, आपला नंबर आला की समोर जे दिसेल त्यावर ठरवायचं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीनं हेच चक्र आणखी सुटसुटीत केलं. खेळ सोपा झाला, नवी माणसं आली, आणि नव्या माणसाला हे चक्र दोन मिनिटांत समजावता येतं हा मोठा गुण आहे. पण फेरीच्या तोंडाशी सगळ्यांनी मिळून विचार करायचा तो क्षण गेला. त्याच्या जागी वाट बघणं आलं.

या चक्राबद्दल एक गोष्ट फार कमी बोलली जाते. आधी कोण याला पहिल्या फेरीनंतर काही अर्थ उरत नाही, कारण गोलाला सुरुवात नसते. अर्थ उरतो तो शेजाऱ्यांना. तुमच्या अगदी आधी कोण आहे आणि तुमच्यानंतर लगेच कोण, यावर सगळं अवलंबून. समजा फायटर, म्हणजे लढवय्या, ऑगर नावाच्या राक्षसाच्या वारानं बेशुद्ध पडला. क्लेरिकचा, म्हणजे जखमा बऱ्या करणाऱ्या पुजाऱ्याचा, नंबर ऑगर आणि फायटरच्या मधे असेल तर क्लेरिक त्याला सावध करतो आणि फायटर लगेच उठून लढतो, एकही टर्न वाया जात नाही. क्लेरिक फायटरच्या नंतर आणि ऑगरच्या आधी असेल तर फायटरचा टर्न मरणाशी झुंजणारा फासा टाकण्यात जातो, मग त्याला शुद्ध येते, आणि तो जमिनीवरून उठण्याआधीच ऑगरचा दुसरा वार पडतो. माणसं तीच, मंत्र तोच, आणि निकाल असा उलटा. एवढा मोठा फरक त्या पहिल्या एका फाशानं पाडलेला असतो, आणि त्यात कुणाच्या हुशारीचा किंवा धाडसाचा काही संबंध नसतो.

चपळाईचंही तसंच. एकाला चपळाईचे 5 मिळतात, दुसऱ्याला काहीच नाही. दोघांनी वीस बाजूंचे फासे टाकले तर चारशे शक्यतांपैकी 280 वेळा चपळ पुढे राहतो, 105 वेळा मागे पडतो आणि 15 वेळा बरोबरी होते. म्हणजे दहापैकी सात वेळा तोच. यात अन्याय आहे असं मी म्हणत नाही, चपळ पात्र घेतलं तर चपळाई दिसायलाच हवी. पण पाचव्या आवृत्तीत चपळाईनं बाणही नीट लागतो, समोरच्याचा वारही चुकवता येतो आणि सापळाही टळतो. वर पहिला बोलण्याचा मानही तिलाच. जडशीळ चिलखत घातलेल्या क्लेरिकनं मोहीमभर यादीच्या तळाशी बसायचं, हे त्या पात्रामागच्या माणसाच्या वाट्याला येतं.

आणि त्या बाणाचा प्रश्न तर प्रत्येक टेबलावर येतो. राजदूताशी बोलणी चालली आहेत. बोलता बोलता एकीच्या लक्षात येतं की हा खोटं बोलतोय, आणि ती म्हणते, "बस झालं. मी बाण सोडते." टेबल श्वास रोखतं. डीएम म्हणतो, इनिशिएटिव्ह. तिला पडतात 3. आता राजदूत, त्याचे चार रक्षक आणि तिचे सगळे सोबती तिच्या आधी. ज्या बाणानं लढाई सुरू झाली तो बाण सगळ्यांत शेवटी सुटणार. नियमाला धरून बोलायचं तर उत्तर आहे: ती धनुष्याला हात घालते ते बाकीच्यांना दिसतं आणि ते तिच्यापेक्षा जलद निघतात. नियम म्हणून ते बरोबर असेल, पण कथा तिथे मोडते. टेबलावरच्या पाच माणसांनी ज्या क्षणासाठी श्वास रोखला तो क्षण बेरजेनं खाऊन टाकला. माझ्या टेबलावर तो बाण आधी सुटतो. मग फासे. यावर माझ्याशी वाद घालणारे डीएम आहेत, आणि सगळ्यांना आधी हल्ला करायची सवय लागेल ही त्यांची भीती खोटी नाही. तरीही बाण आधी.

बाकीच्या खेळांनी याच प्रश्नाला काय काय उत्तरं दिली ते बघण्यात माझे कित्येक रविवार गेले. 'शॅडोरन'च्या 1992 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अंगात यंत्रं बसवून घेतलेलं पात्र एका फेरीत तीनदा खेळायचं; 26 पडले तर 26 वर, 16 वर आणि 6 वर. ज्याला 9 पडले तो दुसऱ्याचे दोन टर्न बघून मग उठायचा. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी ते बदललं आणि आधी प्रत्येकाचा एक टर्न होऊ द्यायचा, जादाचे नंतर, असं केलं. योग्यच केलं.

मला पत्त्यांची पद्धत जास्त आवडते. 'सॅव्हेज वर्ल्ड्स' 2003 साली आलं. त्यात दर फेरीला प्रत्येकाला एक पत्ता वाटतात, एक्का सगळ्यांच्या वर, मग राजा, राणी, असं खाली. बरोबरी झाली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमानं. जोकर आला तर तुम्हाला हवं तेव्हा खेळायचं आणि वर फाशाला 2 जास्त, आणि त्या फेरीनंतर कॅट परत पिसायचा. आमच्याकडे हे खेळलो तेव्हा एक गोष्ट लगेच दिसली: पत्ता समोर उघडा असतो. कुणाच्या आधी कोण हे डीएमच्या वहीत नसतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. कुणाला विचारावं लागत नाही. आणि दर फेरीला नवा पत्ता येणार म्हणून फेरी संपताना हात आपोआप टेबलाकडे येतात, फोनकडे जात नाहीत.

आणि 2012 सालच्या 'मार्व्हल हिरोइक'मधली युक्ती. ज्याचा टर्न संपला त्यानंच पुढे कोण ते सांगायचं. सगळे खेळून झाले की शेवटच्या माणसानं पुढच्या फेरीचा पहिला निवडायचा, हवं तर स्वतःलाच. खेळाडू मंडळी याला पॉपकॉर्न इनिशिएटिव्ह म्हणतात. पहिल्या फेरीत सगळ्या नायकांनी एकमेकांना टर्न देत आपलं आपलं उरकलं आणि खलनायक मागे ठेवले, तर शेवटचा टर्न खलनायकाचा. मग तो पुढची फेरीही स्वतःपासूनच सुरू करतो, आणि तुमच्यावर सलग दोनदा हल्ला होतो. हे एकदा अंगावर आलं की पुढच्या वेळी खेळाडू स्वतःहून मधेच शत्रूला टर्न देतात. शत्रूला संधी कधी द्यायची याचा विचार खेळाडू करतायत, हे बघणं मला फार सुंदर वाटतं.

इथे मला कबड्डी आठवते. चढाई तीस सेकंदांची, एका वेळी एकाच बाजूची, म्हणजे तोही क्रमानं खेळायचा खेळ. पण चढाई करणारा मध्यरेषा ओलांडतो तेव्हा समोरचे सात जण आपला नंबर येण्याची वाट बघत नसतात. साखळी धरलेली, पावलं हलती, डोळे त्याच्या पायावर. चढाई त्याची, पकड त्यांची, एकाच वेळी. लढाईच्या टेबलावर मला नेमकं हे हवं असतं. पाचव्या आवृत्तीत याचं एक छोटं दार आहे, त्याला रिॲक्शन म्हणतात: दुसऱ्याच्या टर्नमध्ये फेरीला एकदा उत्तर द्यायची सोय. ज्या जादूगारानं काउंटरस्पेल घेतलंय, म्हणजे शत्रूचा मंत्र हवेतच मोडायचा मंत्र, त्याच्याकडे बघा. तो कधीही फोन काढत नाही. डीएमच्या प्रत्येक शब्दाला त्याचे कान टवकारलेले असतात, कारण कुठल्याही वाक्यात मंत्र सुरू होऊ शकतो. ढालीनं शेजाऱ्याला वाचवू शकणारा फायटरही तसाच. मी आता पहिल्या पातळीपासून प्रत्येक पात्राला दुसऱ्याच्या टर्नमध्ये करण्यासारखं काहीतरी मिळेल असं बघते. जादूची अंगठी द्यायचीच तर अशीच देते.

मग क्रम काढूनच का टाकू नये? 2010 सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'नं आणि त्या वाटेनं गेलेल्या खेळांनी तेच केलं. क्रमासाठी यादी नाही, फासा नाही. कथा जिकडे वळते तिकडे डीएमनं बघायचं आणि विचारायचं, तू काय करतेस? 2025 च्या 'डॅगरहार्ट'मध्येही इनिशिएटिव्ह नाही. तिथे आशेचा आणि भीतीचा असे दोन फासे टाकतात; डाव फसला किंवा भीतीचा फासा मोठा पडला की चाल डीएमकडे जाते. चांगल्या डीएमच्या हातात हे इतकं ओघवतं होतं की लढाई कधी सुरू झाली ते कळतही नाही.

तरीही मी तिथे थांबले नाही, आणि त्याचं कारण आमच्या टेबलावरची एक मुलगी. ती कमी बोलते. तिचं पात्र धाडसी आहे, तिच्या कल्पना सगळ्यांपेक्षा चांगल्या असतात, पण दुसऱ्याचं बोलणं तोडून ती कधीच बोलणार नाही. क्रम नसलेल्या लढाईत तिघं मोठ्या आवाजाची माणसं खेळतात. डीएमनं कितीही लक्ष ठेवलं तरी प्रत्येक वेळी "आता तू बोल" असं म्हणून तिच्याकडे वळणं म्हणजे तिच्यावर दिवा मारल्यासारखं होतं, आणि ते तिला आवडत नाही. यादीत मात्र तिचं नाव येतंच. मागावं लागत नाही, मिळवावं लागत नाही, कुणी मेहेरबानी केली असंही होत नाही. सगळे गप्प होतात आणि तिचं ऐकतात, कारण नंबर तिचा आहे. ज्या यादीला मी एवढी नावं ठेवली, तिचा हा एक गुण मला कुठल्याही नव्या पद्धतीत इतका पक्का सापडलेला नाही.

म्हणून आमच्याकडे आता जे चालतं ते असं. पहिली हालचाल कथेतून येते: बाण सोडला त्याचा बाण सुटला, दार ढकललं ती आत. मग बाजूवार: एक टर्न खेळाडूंचा, एक शत्रूचा, पुन्हा खेळाडूंचा. खेळाडूंमधलं कोण ते खेळाडूच ठरवतात, पण प्रत्येकाचा त्या फेरीत एकदाच. 2025 सालच्या 'ड्रॉ स्टील'मध्येही साधारण असंच आहे, दोन्ही बाजू आलटून पालटून. डीएमच्या पडद्यावर मी कपड्यांचे चिमटे लावते, प्रत्येक पात्राचा एक. टर्न झाला की चिमटा डावीकडून उजवीकडे. डावीकडे कोण उरलंय ते सगळ्यांना दिसतं, आणि त्या मुलीचा चिमटा डावीकडे असेल तर फेरी संपूच शकत नाही. तिला बोलवायचं काम चिमटा करतो, मला करावं लागत नाही. एकसारख्या शत्रूंचे सगळे टर्न मी एकत्र उरकते. वाळूचं घड्याळ मी वापरत नाही. अनेक डीएम वापरतात, पण सावकाश विचार करणारा माणूस त्यात घाबरतो, आणि सावकाश विचार करणारी माणसंच माझ्या मोहिमांमधले सगळ्यांत चांगले बेत आखतात. त्याऐवजी टर्न सुरू करतानाच म्हणते, "आता फायटर, आणि क्लेरिक, त्यानंतर तू येणार असशील तर बेत सांगायला तयार राहा."

आमच्यातला एक जण हल्ली जर्मनीहून व्हिडिओवर खेळतो. त्याला चिमटे दिसत नाहीत, आणि "आता कोण?" असं विचारल्यावर आवाज पोचेपर्यंत दुसऱ्यानं सुरुवात केलेली असते. त्याला जुनी यादीच हवी, आकड्यांची, चॅटमध्ये वरून खाली लिहिलेली. चपळाईचा वगैरे त्याचा मुद्दाच नाही. आपलं नाव कुठे आहे ते दिसत असलं की तिकडे एकट्यालाही खेळता येतं, असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं मला पटतं. पुढची मोहीम सुरू होईल तेव्हा तो तिकडेच असणार आहे, तेव्हा त्या मोहिमेत यादी. चॅटमध्ये, वरून खाली, पण ती लावायची प्रत्येक फेरीला नव्यानं, पत्ते वाटून. आणि बाण मात्र आधीच सुटेल.